उलंगवाडी ते 7 तारीख

दिवाळीत घरी गेलो तर बाबांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढायला लावल्या, उंदरं लागली म्हणे. आमचं किराणा दुकान आहे, गाव नागपूरजवळच्या बुटीबोरीपासून सात-आठ किलोमीटर आत. लाल कापडाच्या त्या उधारीच्या वह्या झटकता झटकता मी वाचतच बसलो, दुपार पूर्ण गेली.

1998 ची वही घ्या. पानापानाखाली बाबांच्या अक्षरात वायदा, "चुकारा भेटल्यावर" (विकलेल्या मालाचे पैसे हाती आल्यावर) नाहीतर "उलंगवाडीला" (कापसाचा हंगाम संपल्यावर). म्हणजे गावात पैसा वर्षातून एकदाच यायचा, सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापूस वेचायला सुरुवात व्हायची, मग सरकारच्या एकाधिकार खरेदीत (कापूस सरकारलाच विकायचा) गाडी मोजून द्यायची आन चुकाऱ्याची वाट बघत बसायचं, तोवर तेल-मीठ आमच्याकडून उधार. सालगड्यांची पानं वेगळी, ती गुढीपाडव्याला बंद व्हायची कारण साल तेव्हाच संपायचं. आडनावं सगळी मिळून दहा-बारा, बाकी "वाड्यावाले", "नाल्याकडचे" असं लिहिलं की झालं.

आता आजची वही बघा. "3 नंबर खोली बिहार", "छिंदवाडा ड्रायव्हर", "हिरव्या गेटवाली भाभी". वायदा सगळ्यांचा 7 तारीख, फार तर 10. एमआयडीसीत ठेकेदारानं पगार टाकला की संध्याकाळभर दुकानातला मोबाइल पेमेंटचा साउंड बॉक्स बोंबलतो आन 20 तारखेनंतर पुन्हा वही उघडते. सरसोचं तेल ठेवायला बाबा आधी तयारच नव्हते, "हे तं मालिशचं तेल, भाजीत कोन टाकते बे?" आता फल्लीतेलापेक्षा (शेंगदाण्याच्या तेलापेक्षा) तेच जास्त खपते.

सरकारी आकडा विचाराल तर तो अजून 2011 चाच, 2021 ची जनगणना कोरोनात राहून गेली ते थेट 2027 ला. त्या आकड्यात ही खोल्यांमधली माणसं नाहीतच.

खोल्या आल्या कुठून तर वावरातून. आधी मिहान मिहान (नागपूर विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) झालं, मग डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, दलाल लोकं बांधाबांधानं फिरायला लागले, आता बाराचा पाढा न येणारं पोरगंही सांगते की एकर म्हणजे 43,560 फूट. ज्यांनी सगळं वावर एकदम विकलं त्यांच्या घरी टाइल्स लागल्या, बोलेरो आली, आणि (हे बाबा हळू आवाजात सांगतात) वहीत सगळ्यात तुंबलेली पानं त्यांचीच. आमच्या मागच्या घरच्या काकूनं मात्र नवरा गेल्यावर तीन एकरातलं अर्धाच एकर विकलं आन सहा टिनाच्या खोल्या काढल्या, खोलीला दोन हजार किराया, लाइट बिल वेगळं. ती उधार घेतच नाही, उलट किरायदारांची हमी तीच घेते. खोल्यांना खिडकी नाही पण. मे महिन्यात त्या टिनाखाली चार-चार पोरं कशी झोपत असतील हे मी काकूला एकदा विचारलं, तर म्हणे, "रातपाळी असते ना त्यायची." दिवसा झोपतात म्हणजे, अजूनच कठीण!

आणखी एक. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाले तसे वहीत बायांच्या स्वतःच्या नावाचे पानं आले. शाम्पू, पोरांच्या वह्या, कधी चहापत्तीचा मोठा पुडा. "यायच्या पानावर लिहू नका भाऊ" असं बजावून जातात.

परवा सोयाबीनवाले एक काका आले, 2025-26 चा हमीभाव 5328 आन व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागते म्हणून माल घरातच पडून. गव्हाचा कट्टा नेला. बाबांनी सवयीनं पानाखाली लिहिलं, "चुकारा". रात्री हिशोब मोबाइलमध्ये भरता भरता लहान भाऊ विचारतो, "बाबा, हा चुकारा कोण? कोणत्या खोलीतला?"