गैरहजर कोण?

सातवी ब. हजेरी झाली की सर गैरहजर मुलांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. एकच नाव सलग तीन दिवस राहिलं, की संध्याकाळी त्यांची सायकल त्या पोराच्या दारात. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याही दारात आली होती. आई ओशाळली. सरांनी शाळेचा विषयच काढला नाही, चहा घेतला, कापसाचा भाव विचारला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजर.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हटल्यावर पहिल्यांदा हेच आठवलं, कारण आता माझंही काम बरंचसं तेच आहे. मी लहान मुलांच्या कर्करोग विभागात डॉक्टर आहे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० सुद्धा नाहीत. निदान उशिरा होतं, औषधं मिळत नाहीत आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. यातलं शेवटचं मला फार लागतं. ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, उपचार बहुतेक मुलांत दोन-अडीच वर्षं चालतात. मधेच गळलेले केस परत उगवतात, पोरगं अंगणात खेळायला लागतं, घरच्यांना वाटतं, झालं बरं. जनआरोग्य योजनेत उपचार बसतातही. पण एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेलं धाकटं, हे कुठल्या योजनेत बसवायचं? मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला, तर निदान राहण्याचा घोर मिटतो.

आणि मुली. वॉर्डात त्या कमीच दिसतात. हा आजार मुलग्यांमध्ये थोडा जास्त असतो हे खरं, पण इतका नाही. काहीजणी दारापर्यंत पोचतच नाहीत. त्यांचं नाव फळ्यावर तरी कसं लिहिणार?

ल्युकेमियाच्या उपचारातली मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. निरक्षर आईला हे कसं सांगावं, यावर आमची बरीच चर्चा चालली होती. तेवढ्यात एक आई म्हणाली, "म्हंजे बाजाराच्या दिशीची गोळी." तेव्हापासून आम्ही आधी गावाचा बाजार कधी भरतो ते विचारतो आणि पाकिटावर बाजाराच्या पिशवीचं चित्र काढतो.

आमच्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात न आलेल्यांची नावं असतात. तिसऱ्या दिवशी फोन. फोन बंद असला, तर गावच्या आशाताईंना गाठायचं. त्या स्कूटीवर जातात. चहा मात्र घेतात म्हणे.