टेरी परत आला, सोबत रोनाल्डोही

टेरी बोगार्ड या गेममधल्या फायटरची आणि माझी ओळख गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमधली. एका रुपयात मारामारीचा गेम 'किंग ऑफ फायटर्स ९७', मागे नंबर लावलेली पोरं. टेरीची मूळ मालिका 'फेटल फ्युरी' आहे, हे कळायला कॉलेज उजाडलं. तोवर ती झोपली होती. १९९९च्या 'गारू'नंतर नवा भाग आला तो थेट एप्रिल २०२५मध्ये, 'सिटी ऑफ द वुल्व्ज'.

'गारू'तला जस्ट डिफेन्स परत आलाय. फटका लागायच्या अगदी क्षणाला अडवायचा. माझे अंगठे अजून पार्लरच्या वेळेवर चालतात, त्यामुळे दहातले आठ फटके तोंडावर. नवीन आहे तो रेव्ह मीटर, म्हणजे जोरदार चाली वापरल्या की भरत जाणारी पट्टी. हावरटासारखा वापरला की ओव्हरहीट, मग समोरचा धुतो. रोलबॅक नेटकोड, म्हणजे इंटरनेटचा उशीर झाकणारं तंत्र, आहे म्हणून ऑनलाइन खेळता तरी येतं. तो नसता तर स्पर्धावाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं.

गेम बनवणारी कंपनी एसएनके आता सौदी मालकीची. २०२५मध्ये रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत या गेमला १० लाख डॉलर बक्षीस होतं. पैसा ओतून मालिका उठवता येते, हे खरं. पण फायटर्सच्या यादीत क्रिस्तियानो रोनाल्डो? फुटबॉल मारतो हो तो! काल त्याच्याकडूनच हरलो, सलग तीनदा.