बाबांची मॉर्फिनची वही

बाबांच्या हाडांत कॅन्सर उतरला, तेव्हा परळच्या टाटामधून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आम्ही देवगडला आलो. बाबांनी पहिली गोळी तळहातावर घेतली, बघितली आणि परत दिली. "अफूच मां ही? माका नको. सवय लागतली."

डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती. दुखण्यासाठी ठरल्या मापात घेतली तर व्यसन लागण्याची भीती फार थोडी. पण शरीर सरावतं, म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. हे बाबांना पटायला दोन रात्री कण्हण्यात गेल्या.

मग मी वही घातली. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. हे माप त्यांच्यापुरतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे द्यायची, हे मला उशिरा कळलं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. मी ते चौथ्या दिवशी सुरू केलं आणि पुढचा आठवडा बाबांपेक्षा माझाच जीव मेटाकुटीला आला. पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते. पण हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंदावला असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करायचा, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं.

एप्रिलचे दिवस. शेजारून हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, आला. बाबांना घोटभर हवा होता. दारू आणि मॉर्फिन दोन्हींनी श्वास मंदावतो, म्हणून मी बाटली परत पाठवली. आईची झोपेची गोळीही त्याच कारणाने वेगळ्या डब्यात ठेवली.

सगळ्यात अवघड गेलं ते शेजारच्या काकींना नाही म्हणणं. कंबर धरून आल्या, "एकच दी गो." आमच्या मापाची गोळी त्यांना झेपेलच असं नाही, हे सांगताना मीच ओशाळले. त्या दिवसापासून डबा कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

बाबा श्रावणात गेले. तेराव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या घेऊन परळला गेले. नर्सने मोजल्या: सव्वीस. वहीतही सव्वीसच होत्या.