रेस खाली येईना: नायट्रो बग्गीच्या आयडलचा माझा अनुभव

माझी बग्गी म्हणजे रिमोटवर पळणारी, नायट्रो इंधनावरची छोटी गाडी; खऱ्या गाडीच्या १/८ मापाची, इंजिन ३.५ सीसी, सेकंडहँड घेतलेली. मैदानावर सुसाट पळायची, पण थ्रॉटल सोडला की रेस खाली येत नसे. थोडा वेळ तशीच किंचाळत राहायची, मग हळूहळू उतरून बंद पडायची. आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनाची मंद चाल) ठरवणारा स्क्रू कमी केला तर थंड इंजिन चालूच राहत नसे. लो-स्पीड नीडल (कमी वेगातलं इंधन ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) उघडून इंधन वाढवलं की जरा वेळ बरं वाटायचं, पुढे थ्रॉटल देताच घुसमट आणि धूर.

ग्लो प्लग (इंजिनातलं इंधन पेटवणारा तापलेल्या तारेचा प्लग) नवा घातला. इंधनही नवं आणलं, कारण त्यातलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात उघडलेल्या डब्याचा भरवसा नाही. मफलरकडून टाकीला दाब देणारी नळीही तपासली. फरक काही नाही.

शेवटी इंजिन घेऊन उद्यमबागला, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, ओळखीच्या वर्कशॉपमधल्या काकांकडे गेलो. नायट्रो गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण टू-स्ट्रोक स्कूटरी भरपूर उघडलेल्या. सगळं ऐकून म्हणाले, "नीडलला हात लावू नको आधी. वारं कुठनं तरी घेतंय ते."

आणि तेच खरं. थ्रॉटल मिटलेला असताना कार्बोरेटरमधून येणारी हवा अगदी थोडी असते. त्यात फटीतून चोरवाटेने आलेली हवा मिसळली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आणि रेस अडकून राहते. फुल थ्रॉटलला तेवढी हवा जाणवतही नाही. म्हणून पळताना गाडीत काही खोट दिसत नव्हती.

एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबरी बुचांनी बंद केलं, इंधनाच्या नळीतून फुंकर मारत इंजिन पाण्यात बुडवलं. कार्बोरेटरच्या मानेपाशी बुडबुड्यांची रांगच लागली! तिथली ओ-रिंग (फट बंद ठेवणारी रबरी कडी) कडक होऊन चिरली होती. काकांनी बेअरिंग गंजू नयेत म्हणून लगेच इंजिन वाळवून तेल घातलं. नवी ओ-रिंग, मानेभोवती सिलिकॉनचा पातळ थर, आणि रात्रभर सुकवणं. सुकवण्यात घाई अजिबात करू नका.

त्यानंतर नीडल. दोन्ही नीडल कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणल्या, थ्रॉटलची फट साधारण १ मिलिमीटर ठेवली. इंजिन पूर्ण तापल्यावर आधी हाय-स्पीड नीडल (जास्त वेगातलं इंधन ठरवणारी) लावली, मगच लो-स्पीड; क्रम उलटला तर आयडल पुन्हा बिघडतं. मग आयडलवर असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. रेस किंचित वाढून २-३ सेकंदांत इंजिन बंद पडलं तर नीडल बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. दर वेळी १/८ फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर एकदा थ्रॉटल देऊन इंजिन साफ होऊ द्यायचं.

आता थ्रॉटल सोडला की रेस चटकन उतरते आणि इंजिन एका लयीत चालू राहतं. बॅकप्लेटची (इंजिनाच्या मागच्या झाकणाची) पॅकिंगही जुनीच आहे, ती पावसाळ्याआधी बदलून घेणार आहे.