टाकीतले किडे

मे महिना, जळगावात पारा 44 वर आणि संध्याकाळी आमच्या हॉटेलच्या लॉनवर लग्न. सकाळी सहाला स्प्रिंकलर सुरू झाले आणि गटाराचा असा भपकारा आला की माळी नळ सोडून पळाला.

आमच्याकडे लॉनला नि फ्लशला ताजं पाणी जात नाही. खोल्यांचं, किचनचं सांडपाणी मागच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटमधून, शुद्ध होऊन तिकडे फिरतं. उन्हाळ्यात बोअर आटतो, टँकर परवडत नाही, म्हणून. पर्यावरणाचं प्रमाणपत्र नंतरचं.

पहिला संशय ऑइल ट्रॅपवर. शेवभाजीची तर्री धुतलेलं पाणी काय असतं ते आमच्या भांडीवाल्यांना विचारा. पण ट्रॅप साफ होता. एअरेशनच्या, म्हणजे पाण्यात हवा सोडायच्या टाकीवर मात्र पांढरा फेस, आणि एरवी चॉकलेटी असणारं पाणी राखाडी. ऑपरेटर अप्पांनी लिटरचा सिलिंडर भरून कठड्यावर ठेवला. एरवी अर्ध्या तासात गाळ 300 मिलिलिटरच्या रेघेपर्यंत बसतो. त्या दिवशी तळाला चिमूटभर, वर नुसतं गढूळ.

"भाऊ, किडा मरी ग्यात," अप्पा म्हणाले. किडे म्हणजे जिवाणू. ब्लोअरच्या हवेवर जगून घाण खाणारे तेच. बाकी प्लांट म्हणजे काँक्रीट नि पाइप. "काल काय ओतलं?"

माझ्या पोटात गोळा आला. वऱ्हाड येणार म्हणून मीच हाउसकीपिंगला सांगितलं होतं, 42 खोल्यांचे संडास ॲसिडने घासा, मोऱ्यांच्या जाळ्यांत हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, सोडा. 35 लिटरचे दोन कॅन रिकामे झाले होते.

लॉनची लाइन बंद केली, टँकर मागवले. बिल बघून मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्लोरीन उडेपर्यंत दिवसभर नुसता ब्लोअर चालवला. दर तासाला नमुन्यात तपासणीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की परत थांबायचं. पाचच्या सुमारास ते पिवळं होईना. मग ओळखीच्या दुसऱ्या एसटीपीतून आणलेला जिवंत गाळ सोडला, विरजण लावतात तसा. अप्पांनी वर शेजारच्या गोठ्यातलं शेण गोणपाटातून गाळून ओतलं, सोबत चार किलो गूळ. शेणावर माझा फारसा भरवसा नाही, पण अप्पांशी वाद घालायचं तोंड मला नव्हतं. तेवढ्यात वरात गेटवर आली. कोपरापर्यंत शेणाने माखलेले आम्ही दोघं जनरेटरच्या आडोशाला उभे राहिलो.

बाराव्या दिवशी सिलिंडरमधला गाळ 180 वर बसला. अप्पांनी तो उन्हाकडे धरून मला दोनदा दाखवला.

हायपोच्या खोलीला आता कुलूप असतं. किल्ली अप्पांच्या करदोट्याला. मला कॅन हवा असेल तर मागावा लागतो, आणि कशाला हवाय तेही सांगावं लागतं.