तो पिवळा रंग क्लोरीनचा नव्हता

मे महिन्याचा तिसरा आठवडा. धरणाचं पाणी बरंच खाली गेलेलं, जॅकवेलचं, म्हणजे धरणातलं पाणी आत घेणाऱ्या विहिरीचं, सर्वांत खालचं दार उघडलेलं. शहराच्या टोकाच्या वस्तीतून चार दिवस एकच तक्रार येत होती: संध्याकाळी भरलेलं पाणी स्वच्छ दिसतं, सकाळी हंड्याच्या तळाशी काळपट गाळ. नोंदवहीत मात्र तिथला क्लोरीन रोज 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर. 0.2 असला तरी पुरतो. म्हणून ‘पाइप जुने आहेत’ असा शेरा मारून तक्रारी मिटत होत्या. त्यातला एक शेरा माझ्या हातचा होता, आणि तो मला अजून टोचतो.

मी पाणी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. त्या सकाळी व्हॉल्व्हमन मामांना घेऊन स्वतः गेले. नळाचं पाणी नळीत घेतलं, क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले, पिवळं झालं. “बघा मॅडम, क्लोरीन भरपूर आहे,” मामा म्हणाले. पण पाण्याला क्लोरीनचा पुसटसाही वास नव्हता.

शेजारच्या दारातून एक मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन आली. “ताई, हा अडीच महिन्यांचा आहे, पावडरच्या दुधावर. पाणी उकळूनच देते. चालेल ना?”

“तपासून सांगते,” एवढंच मला बोलता आलं.

प्रयोगशाळेत कुलपातली सोडियम आर्सेनाइटची बाटली काढली. आर्सेनाइट आधी टाकलं की क्लोरीन तिथल्या तिथे संपतो. मग ऑर्थोटोलिडिनने रंग यायला नको. तरीही नळी पिवळी झाली, जवळजवळ तेवढीच. म्हणजे 0.5 मधला 0.4 क्लोरीन नव्हताच.

उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी प्राणवायू संपतो आणि गाळातलं मँगनीज पाण्यात विरघळतं. रंग नाही, गढूळपणा नाही. तुरटीला ते दाद देत नाही, फिल्टर बेडमधूनही निघून येतं. पुढे मैलोन्‌मैल पाइपातून जाताना क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो, आणि क्लोरीन खाऊन बदललेलं ते मँगनीज आमच्या चाचणीत क्लोरीनसारखंच पिवळं दिसतं. जंतू मारायला वस्तीत जवळपास काही उरलं नव्हतं, आणि आम्ही निर्धास्त होतो.

मग मँगनीज मोजायला अमोनियम परसल्फेट टाकून नमुना उकळला; मँगनीज असलं की तो गुलाबी होतो. पाण्यासारखं पाणी बघता बघता गुलाबी झालं. इतक्या सुंदर रंगाची इतकी धास्ती मला कधी वाटली नव्हती. मँगनीजचा आकडा आला लिटरला 0.42 मिलिग्रॅम. भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा 0.1, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये तान्ह्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळांचा विचार करून 0.08 ठरवलं. उकळल्याने मँगनीज जात नाही. पाणी आटतं, ते आणखी दाट होतं.

अहवाल हातात घेऊनच साहेबांच्या खोलीत गेले. दुपारी जॅकवेलचं वरचं दार उघडलं, मँगनीज काढायला पोटॅशियम परमँगनेटचा डोस सुरू झाला, क्लोरीन वाढवला. संध्याकाळी वस्तीत दुसऱ्या स्रोताचा टँकर गेला. त्याच्या पुढे मी गेले होते, त्या मुलीला सांगायला. तिने ऐकलं, आत गेली आणि बाळासाठी उकळून झाकून ठेवलेलं पातेलं आणून मोरीत ओतलं. तळाशी काळी रेघ राहिली होती.

वॉशआउटमधून, म्हणजे पाइप धुऊन काढायच्या तोंडातून, पुढचे तीन दिवस काळं पाणी येत होतं. सहाव्या दिवशी तिच्या नळाला मँगनीज 0.06 भरलं. तो कागद मी तिला नेऊन दाखवला.