शिकवलं कोणी?

आज डहाणूजवळच्या एका वारली पाड्यावर लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, काढताना पाहिला. पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, बांबूची चेचलेली काडी, मधोमध पालघट देवी. आजींना विचारलं, "कुणी शिकवलं?" त्या हसल्याच. "लग्नांत बसायचो, बघायचो." झालं शिक्षण!

परतताना गाडीत तेच डोक्यात. चौक पिढ्यान् पिढ्या सवाशिणींचा. १९७०च्या दशकात कागद आला, शहरातली प्रदर्शनं आली, मग चित्राखाली सही आली आणि ती बहुतेक पुरुषांची. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, योग्यच मिळाली. विधी सोडून रोज चित्रं काढणं त्या काळी सोपं नव्हतं. (आपण मात्र चहाच्या कपावरची वारली बघून खूश!)

आजींच्या चौकावर सही नव्हती. आणि मीही नाव विचारायची विसरले.